चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी खऱ्या माहितीची आणि कवितांची चित्रपुस्तकं सुचवा (शक्यतो पुण्यात मिळणारी)

सायली_वारजे
नमस्कार मंडळी. लेक साडेचार वर्षांची, भाचा सहाचा. दुपारी दोघंही माझ्या आईकडे असतात, त्यामुळे वाचून दाखवायचं काम बरंचसं आजीकडे आहे. गोष्टीची पुस्तकं घरात पुष्कळ आहेत. ससा-कासव, माकड-मगर, राजा-राणी सगळे होऊन गेले. पण सध्या दोघांचे प्रश्न वेगळेच आहेत. मुंग्या एकामागून एकच का चालतात? पाल छतावरून पडत कशी नाही? दिवसा चंद्र कसा दिसतो? प्रत्येक वेळी मोबाइलवर व्हिडिओ लावून द्यायचा नाही, असं आम्ही घरात ठरवलंय. पुस्तक समोर धरून, बोट ठेवून, थांबत थांबत बोलता येतं, ते हवंय.

दुसरं म्हणजे कविता. आईला बडबडगीतं भरपूर पाठ आहेत. पण चित्रांसकट हातात धरून वाचावीत अशी कवितांची पुस्तकं मागितली की दुकानदार जाड पुठ्ठ्याची इंग्रजी ऱ्हाइम्सची पुस्तकं पुढे करतात.

मराठी असेल तर उत्तम, कारण आजी वाचणार. हिंदी-इंग्रजीही चालेल, ती आम्ही रात्री वाचू. विकत घेण्याआधी चाळून बघता येतील अशा पुण्यातल्या जागा सांगितल्यात तर फार बरं. आणि नुसती नावं नकोत, पुस्तक का आवडलं तेही लिहा.

पुस्तकपेटी_सहकारनगर
सायली, हा धागा निघायलाच हवा होता. मी सोसायटीतलं छोटं बालवाचनालय बघते. गोष्टींची कपाटं भरभर वाढतात आणि माहितीच्या पुस्तकांचा एक कप्पा तसाच राहतो, कारण देणगी देणारे आईबाबाही गोष्टीच देतात. लहान मुलाला गोष्टच हवी असं आपण धरून चालतो. पण ‘मग काय झालं?’ यापेक्षा ‘हे असं का?’ यात जास्त रमणारी मुलं मी रोज बघते. त्यांच्या हातात सतत गोष्टीच ठेवल्या, तर पुस्तक हे आपल्यासाठी नाहीच असं त्यांचं मत होऊन बसतं. सहा वर्षांच्या मुलाचं असं मत झालेलं मला बघवत नाही.

माहितीचं पुस्तक निवडताना मी आधी मजकूर हाताने झाकते आणि नुसती चित्रं बघत जाते. चित्रांवरूनच काहीतरी कळलं, काहीतरी विचारावंसं वाटलं, तर पुस्तक चांगलं. मजकुरात ‘कावळा’ लिहिलंय म्हणून शेजारी कावळा काढलाय, एवढंच असेल तर तो तक्ता झाला. तक्त्यांची मोठी अडचण आकाराची असते. उंदीर, हत्ती, बेडूक सगळे एकाच मापाच्या चौकोनात. पाच वर्षांच्या मुलाला जिवंत हत्ती बघायला मिळालेला नसेल तर त्याने काय समजायचं?

म्हणूनच स्टीव्ह जेंकिन्स या अमेरिकन चित्रकाराचं ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ हे पुस्तक मी सगळ्यांच्या हातात देते. कागद कापून, फाडून, चिकटवून केलेली चित्रं, आणि प्राणी किंवा त्यांचा एखादा अवयव खऱ्या मापात. गोरिलाचा हात पानभर पसरलेला आहे. एकही मूल असं नाही की ज्याने त्या पानावर आपला हात ठेवून बघितला नाही. इंग्रजी मजकूर अगदी थोडा आहे, आजी मराठीत सहज सांगू शकतील. महाग आहे, त्यामुळे आधी एखाद्या वाचनालयात बघा.

‘शंभर अद्भुत गोष्टी’, ‘पाचशे प्रश्नोत्तरं’ छापाची जाडजूड पुस्तकं मात्र या वयाला घेऊ नका, असं कळकळीने सांगते. पान उलटलं की विषय बदलतो. ज्वालामुखी, लगेच डायनासोर, लगेच पिरॅमिड. एका पुस्तकात एकच विषय असावा आणि तो सावकाश उलगडावा. मुंग्या तर मुंग्या.

मराठीत सुरुवात माधुरी पुरंदऱ्यांपासूनच करा. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली त्यांची पुस्तकं आजीला वाचायला इतकी सोपी जातात, कारण वाक्यं बोलण्यातली आहेत. ‘राधाचं घर’मध्ये राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. याला कोणी माहितीचं पुस्तक म्हणत नाही, पण तीन-चार वर्षांच्या मुलाचं जग म्हणजे घरातली माणसंच, आणि त्या जगाचं ते अचूक निरीक्षण आहे. त्यांचं ‘चित्रवाचन’ तर मुलांनी चित्रं बघून बोलावं यासाठीच केलेलं आहे. भाच्यासाठी थोड्या दिवसांनी ‘वाचू आनंदे’ घ्या. बालगट आणि कुमारगट असे भाग आहेत. मराठीतले निवडक उतारे, कविता आणि सोबत चांगल्या चित्रकारांची चित्रं. सहाव्या वर्षी मोठ्या माणसाबरोबर बसून बालगटातली पानं निवडून वाचता येतात. पुरंदरे बाईंना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये टाटा ट्रस्टचा बिग लिटल बुक पुरस्कार. घराघरात मात्र त्यांचं नाव अजून पोचायला हवं तेवढं पोचलेलं नाही.

कोथरूड_डेपो
चिकूपिकू हे मासिक पुण्यातूनच निघतं, १ ते ८ वयासाठी. आमच्याकडे येतं. गोष्टी, गाणी, थोडी माहिती, चित्रं मोठी. पोस्टाने स्वतःच्या नावावर काहीतरी येतं याचंच मुलांना अप्रूप.

टेकडीफिरस्ता
मी पुस्तकांपेक्षा पक्षी-कीटकांतला माणूस, म्हणून त्या बाजूने लिहितो.

पहिलं उत्तर मुंग्यांचं. मुंग्या जाताना जमिनीवर वासाची खूण सोडत जातात आणि मागच्या त्या वासावर चालतात. खिडकीच्या कट्ट्यावर रांग दिसली की ओल्या बोटाने मधेच एक रेघ पुसून टाका. रांग तिथे अडखळते, मुंग्या इकडेतिकडे शोधाशोध करतात, थोड्या वेळाने पुन्हा जुळते. हे करून मग पुस्तक उघडलं तर मुलं स्वतःच सांगत सुटतात. पालीचं उत्तर तिच्या बोटांच्या तळाशी आहे. तिथे डोळ्यांना न दिसणारे असंख्य केस असतात आणि त्यांच्यामुळे ती गुळगुळीत भिंतीला धरून राहते. काचेच्या बाहेरच्या बाजूने पाल दिसली की आतून मुलांना तिचे पंजे दाखवा. असं चित्र कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही.

माझं म्हणणं असं की या वयात पुस्तक निवडताना त्यातलं काय आपल्या घराच्या आसपास दिसेल ते बघा. ध्रुवीय अस्वलाचं पुस्तक वाईट नाही, पण त्यातली एकही ओळ मुलाला पडताळून बघता येत नाही. उलट कढीपत्त्याची एक कुंडी घ्या. लिंबू असलं तरी चालेल. पावसाळ्यात त्यावर कॉमन मॉरमॉन किंवा लाइम बटरफ्लाय ही फुलपाखरं अंडी घालून जातात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून कोणी खायला येत नाही. मोठी झाली की हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून दोन टोकांचं नारिंगी-लालसर शिंग बाहेर काढते आणि घाण वास सोडते. ही फुलपाखरं ब्लू मॉरमॉनच्या नात्यातली. ब्लू मॉरमॉन २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे.

आता एरिक कार्लचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ तुमच्याकडे असेलच. १९६९ पासून जगभर मुलं ते वाचतायत, आणि पानांना पाडलेली भोकं बोटांनी चाचपायला कोणाला आवडत नाही! पण त्यात अळी स्वतःभोवती घर बांधते असं म्हटलंय. फुलपाखराची अळी घर बांधत नाही. ती शेवटची कात टाकते आणि आतला कोश उघडा पडतो. रेशमाचं घर विणतात ते पतंग. माझं म्हणणं, ते पुस्तक जरूर वाचा, कुंडीतली अळी बघा आणि मुलांनाच विचारा की पुस्तकात आणि इथे काय वेगळं दिसलं. छापलेलंही तपासून बघायचं असतं, हे पाचव्या वर्षी कळलं तर चांगलंच.

मराठीत किरण पुरंदरे यांचं ‘पक्षी - आपले सख्खे शेजारी’ घरात असू द्या. चित्रपुस्तक नाही, मोठ्यांनी वाचायचं आणि मुलांना सांगायचं. त्यांचंच ‘मुठेवरचा धोबी’ही. नदीकाठी शेपटी वरखाली करत पळणारा धोबी पक्षी मुलांना एकदा दाखवला की तो त्यांचा होऊन जातो.

सायली_वारजे
टेकडीफिरस्ता काका, मुंग्यांचा प्रयोग आजच करून बघतो. घरात कढीपत्ता आहे, पण पानं कुरतडली की आई अळ्या काढून टाकते. तिला आता थांबवते.

पुस्तकपेटी ताई, मजकूर झाकून चित्रं बघायचं लक्षात ठेवते. कवितांबद्दल कोणी लिहाल का?

यमकवेडा
कवितांबद्दल मी लिहितो.

मुलांना कविता आधी अंगाने कळते. ‘इथे इथे बस रे मोरा’ला तळहात लागतो, ‘आपडी थापडी’ला टाळी लागते, ‘अडगुलं मडगुलं’ तर बाळाचा चेहरा समोर असल्याशिवाय म्हणताच येत नाही. त्यामुळे आजींना जे पाठ आहे त्याला पुस्तकाआधीची पायरी समजून बाजूला सारू नका. साडेचार वर्षांच्या मुलीने कविता ऐकताना उड्या मारल्या तर मारू द्या. आणि अर्थ विचारू नका. ‘यातून काय शिकलो?’ हा प्रश्न तर कधीच नाही. शाळेत पुढे कवितेखाली प्रश्न येणारच आहेत, तोवर तिला मोकळी राहू द्या.

पुस्तकांत पहिलं नाव विंदा करंदीकर. ‘राणीची बाग’, ‘एटू लोकांचा देश’, ‘सशाचे कान’, ‘परी ग परी’, ‘अजबखाना’. ज्ञानपीठ मिळालेला हा कवी. मुलांसाठी लिहिताना त्याने हात आखडता घेतला नाही. शब्द नादासाठी येतात, कल्पना हवी तिथे भरकटते, भुतं आणि बागुलबुवासुद्धा येतात. त्यांच्या प्राण्यांना कोणाला शहाणं करायचं नसतं. मुलं याच कविता पुन्हा पुन्हा का मागतात ते आपण स्वतः मोठ्याने वाचल्यावर कळतं. ‘राणीची बाग’ मुंबईची, आपल्या मुलांना कात्रजचं प्राणिसंग्रहालय माहीत. काही बिघडत नाही, वाचून मग कात्रजला जा.

मग मंगेश पाडगावकर. ‘बबलगम’, ‘भोलानाथ’, ‘सुट्टी एक्के सुट्टी’. पाडगावकरांची लय इतकी पक्की असते की पहिल्यांदा वाचणाराही अडखळत नाही. ज्यांना मोठ्याने वाचायची सवय नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. गदिमांची मुलांची गाणी तर कानावर आहेतच. ‘नाच रे मोरा’, ‘झुकझुक अगीनगाडी’. ती गाण्याऐवजी नुसती वाचून बघा. चाल काढून घेतली तरी आगगाडी पळतेच, कारण वेग शब्दांतच आहे.

एक खंत आहे. मराठीत मुलांच्या कवितांचे संग्रह आहेत, पण एक अख्खी कविता एका पुस्तकभर पसरलेली, पानाला एक ओळ आणि मोठं चित्र, अशी पुस्तकं फारच कमी निघतात. हे छपाईच्या खर्चापुरतं नाही. पान उलटण्याच्या क्षणात कविता थांबते. यमक काय येणार ते मूल ओठांवर आणतं, आणि पान उलटल्यावर ते बरोबर निघालं की त्याला आनंद होतो, चुकलं की जास्त आनंद होतो. संग्रहात दोन कविता एका पानावर दाटीवाटीने बसल्या की हे सगळं हरवतं. आपल्याकडे कवी आहेत, चित्रकार आहेत, प्रकाशकांनी हे करावं म्हणून वाचकांनी मागत राहिलं पाहिजे. तोवर घरी करता येतं. कोरे कागद दुमडून शिवा, आजीला पाठ असलेलं एक गाणं घ्या, एका पानावर एक ओळ आजीच्या अक्षरात आणि चित्रं मुलांची.

इंग्रजीत जॉइस सिडमन यांचं ‘स्वर्ल बाय स्वर्ल’ जरूर बघा. सायली यांनी मागितलेल्या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र आहेत. निसर्गातली वलयं हा विषय. गोगलगायीचा शंख, गुंडाळून झोपलेला प्राणी, नेच्याचं उमलणारं पान, लाटा, आकाशगंगा. मजकूर कवितेचा, मोजक्या शब्दांचा. बेथ क्रोम्स यांची चित्रं काळ्यावर कोरून काढल्यासारखी, आणि शेवटी वलयाच्या आकाराचा त्या-त्या जिवाला काय उपयोग होतो याची माहिती. जुलैमध्ये सिंहगडाच्या वाटेवर नेचे उलगडताना दिसतात, गोगलगायी तर सोसायटीच्या भिंतीवर.

टेकडीफिरस्ता
यमकवेडा, कविता आणि माहिती एकत्र म्हटलंत आणि बहिणाबाईंचा ‘खोपा’ आठवला. माझ्या मते लहान मुलांसाठी सुगरणीवर याहून चांगलं काही लिहिलेलं नाही. खोपा झाडाला कसा टांगलाय, तो किती बारीक विणलाय, आणि पक्ष्याकडे विणायला काय आहे तर फक्त चोच. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकरी बाईने हे स्वतः उभं राहून बघितलं असणार. त्या गेल्यावर १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली.

आणि आता पक्षीवाल्यांची माहिती. खोपा विणतो नर. पावसाळ्यात त्याचं डोकं पिवळंधमक होतं. गवताच्या लांब पट्ट्या सोलून आणतो आणि अर्धा खोपा विणून झाला की पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून बघते, पसंत पडला तरच तिथे राहते. नाही पडला तर तो अर्धवट खोपा तसाच लटकत राहतो. विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर असे अर्धे खोपे तुम्ही नक्की बघितले असतील.

कवितेत मात्र खोपा आई विणते. मग कविता चुकली का? मी मुलांना दोन्ही सांगतो, त्याच दिवशी. त्यांना अजिबात अडचण येत नाही. कवितेत आईची माया आहे, ती खरीच आहे, कारण पिल्लांना वाढवते ती मादीच. आणि विणणारा बाबा आहे हे कळल्यावर मुलगे विशेष खूश होतात. जुलै-ऑगस्टमध्ये कवडीपाट किंवा सासवडच्या बाजूला निघालात तर गाडी सावकाश चालवा आणि विहिरी बघत जा.

डंपरचा_बाबा
वाचतोय, छान चाललंय. पण आमच्या पाच वर्षांच्या चिरंजीवांना फुलपाखरं नकोत, कविता तर ऐकूनच घेत नाहीत. जेसीबी, क्रेन, मेट्रो, काँक्रीट मिक्सर, एवढंच. वनाजपासून मेट्रोने रामवाडीपर्यंत जाऊन परत येणं ही आमची सहल. मराठीत यावर काही?

पुस्तकपेटी_सहकारनगर
डंपरचे बाबा, त्याच्या आवडीलाच धरून चला. यंत्रं हीसुद्धा खरी माहितीच आहे. प्रथम बुक्स या प्रकाशनाचं, राजीव आइप यांचं ‘अम्माचीज अमेझिंग मशीन्स’ बघा. अम्माची आणि नातवाला खोबऱ्याची बर्फी करायची आहे, आणि नारळ पाडण्यापासून सगळ्या कामांत तरफ, कप्पी, उतरण अशी साधी यंत्रं वापरली जातात. शब्द कमी, चित्रं मजेदार. वाचून झालं की स्वयंपाकघरात उभं राहून त्याला विचारा, इथे तरफ कुठे आहे? उलथन्यापासून अडकित्त्यापर्यंत सापडतील. जेसीबीचा हात म्हणजे तीच तरफ, हे तो स्वतः जोडेल.

यमकवेडा
आणि कविता ऐकत नाही म्हणालात, तर मेट्रोत बसल्यावर स्टेशनांची नावं ठेक्यात म्हणून बघा. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप. दोन फेऱ्यांत तो तुमच्यापुढे असेल. कवितेची सुरुवात इथूनही होते.

बाई_येरवडा
मी येरवड्याच्या भागात पहिली-दुसरीला शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी पुस्तक विकत घेतलं जात नाही, त्यामुळे मला फुकट किंवा स्वस्त काय मिळतं हे शोधावंच लागलं. ते इथे देते.

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. मराठी निवडा, पातळी निवडा. पहिल्या पातळीवर पानाला एखादं वाक्य, चौथीपर्यंत वाढत जातं. माहितीची पुस्तकं वेगळी काढता येतात. पुस्तक उतरवून घ्यायला, छापायला परवानगी आहे, परवाना खुला आहे. मी निवडक पुस्तकं रंगीत छापून सुतळीने बांधून ठेवली आहेत. एक सूचना: मराठी आवृत्ती आधी स्वतः मोठ्याने वाचा. काही अनुवाद सुंदर आहेत, काही जिभेवर अडखळतात. अडखळणारं वाक्य वर्गात जाण्याआधी मी पेन्सिलने सरळ करून घेते.

अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर तर खजिना आहे. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंची खेळणी सगळ्यांना माहीत असतात. पण तिथे मुलांची कितीतरी पुस्तकं मराठीतही आहेत, मोफत. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका अजूनही खिशाला परवडते. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून बालभारती काढतं आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. अंक थोड्या मोठ्या मुलांसाठी आहे, पण जुन्या अंकांतल्या कविता आणि चित्रं पहिलीच्या मुलांनाही दाखवते.

आता एक मनापासून सांगायचंय. माझ्या वर्गात घरी वडारी बोलणारी, लमाणी बोलणारी, हिंदी बोलणारी मुलं आहेत. गोष्टीच्या पुस्तकात ती मागे पडतात, कारण गोष्ट वाक्यांवर चालते. माहितीच्या चित्रपुस्तकात तीच मुलं पुढे येतात. शेळीच्या दातांचं, विटांच्या भट्टीचं, पाथरवटाच्या छिन्नीचं चित्र आलं की ज्या मुलाने महिनाभर तोंड उघडलं नव्हतं तो उभा राहून सांगायला लागतो, कारण ते त्याने घरी बघितलेलं असतं. बाकीचा वर्ग त्याच्याकडे तज्ज्ञ म्हणून बघतो. यासाठी तरी शाळांनी अशी पुस्तकं घेतली पाहिजेत.

पूर्वा_कसबा
बाई, तुमचा शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा आहे.

मी चरित्रांबद्दल भर घालते. लहान मुलांना थोरामोठ्यांची चरित्रं देताना जन्म, शिक्षण, पुरस्कार, मृत्यू अशी यादी देऊ नका. एखाद्या माणसाचं कुतूहल किंवा हट्ट पकडणारं पुस्तक शोधा. नंदिता जयराज यांचं, प्रिया कुरियन यांच्या चित्रांचं ‘अ‍ॅनाज एक्स्ट्रॉऑर्डिनरी एक्सपेरिमेंट्स विथ वेदर’ तसं आहे. हे अ‍ॅना मणी या हवामानशास्त्रज्ञांवर आहे. आठव्या वाढदिवसाला हिऱ्यांच्या कुड्यांऐवजी ज्ञानकोश मागणारी मुलगी! आणि पुणेकरांसाठी खास गोष्ट म्हणजे १९४८ मध्ये त्या हवामान खात्यात रुजू झाल्या त्या इथेच, पुण्यात. पुस्तक वाचून झाल्यावर शिवाजीनगरच्या वेधशाळेवरून जाताना मुलांना इमारत दाखवता येते.

तुलिका प्रकाशनाचं ‘भीमराव आंबेडकर: द बॉय हू आस्क्ड व्हाय’ हेही घ्या. शाळेत वेगळं का बसायचं, पाणी का नाही द्यायचं, हे प्रश्न त्यातला मुलगा विचारतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांना न्याय-अन्याय चांगला कळतो. त्यांच्यापासून हे लपवायची गरज नाही. आमच्या घरी ते वाचल्यावर बराच वेळ प्रश्न चालू होते, आणि उत्तरं देताना आम्हालाच नीट विचार करावा लागला.

सावित्रीबाईंवर लहानांसाठी पुस्तक निवडताना एक बघा: त्यांच्या कवितांचा उल्लेख आहे का? १८४८ मध्ये भिडेवाड्यात शाळा सुरू झाली हे सगळे लिहितात. १८५४ मध्ये ‘काव्यफुले’ हा त्यांचा कवितासंग्रह छापला गेला, हे लहानांच्या पुस्तकात अनेकदा गाळलं जातं. कविता लिहिणारी बाई, शाळा चालवणारी बाई, आणि दोन्ही एकच. मुलींना हे कळायला हवं. गंज पेठेतला फुलेवाडा दाखवायला न्या.

यमकवेडा
पूर्वा, अगदी बरोबर. आणि त्या कवितांत फुलांवरच्याही कविता आहेत, म्हणजे निसर्ग आहेच.

आजोबा_बिबवेवाडी
माझी एक अडचण. वाचणारे आजी-आजोबा असतील तर अक्षर मोठं पाहिजे. चित्रावर पांढरा मजकूर छापलेला असला तर मला संध्याकाळच्या दिव्यात दिसत नाही. पुस्तक सुचवताना कृपया हेही बघावे. नात सहा वर्षांची आहे, ती मग मलाच वाचून दाखवते ते निराळे.

रंगरेषा
मी चित्रकलेच्या अंगाने दोन पुस्तकं सांगते. दोन्ही चेन्नईच्या तारा बुक्सची. ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ म्हणजे गोंड चित्रकार भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंह उर्वेती यांनी काढलेली झाडं. हाताने बनवलेल्या काळ्या कागदावर हाताने छापलेली. एका बाजूला झाडाबद्दलची छोटी लोककथा, दुसऱ्या बाजूला झाड. पुस्तक उघडलं की शाईचा वास येतो. महाग आहे, रोजच्या वापराला नाही, पण वर्षातून एखादं असं पुस्तक घरात यावं, ते हात धुऊन, जमिनीवर बसून बघावं. मुलांना वस्तूची किंमत कळते.

दुसरं ‘डू!’, आपल्या वारली चित्रकारांचं. रमेश हेंगडी आणि शांताराम धडपे. तपकिरी कागदावर पांढऱ्या आकृत्या, पानागणिक एकेक क्रिया. शब्द जवळजवळ नाहीतच, त्यामुळे भाषेची अडचण नाही आणि आजोबांना अक्षरांचीही नाही. सायलीच्या साडेचार वर्षांच्या मुलीला हे पहिलं द्या. मुलं बघता बघता त्याच कृती करायला लागतात, आणि नंतर दोन त्रिकोण जोडून माणूस काढायला लागतात.

सायली_वारजे
सगळ्यांचे खूप आभार. एवढं सविस्तर येईल असं वाटलं नव्हतं. मी आणि आईने मिळून यादी केली. आईचा कल विंदा आणि ‘राधाचं घर’कडे, माझा ‘डू!’ आणि अ‍ॅना मणींकडे. बघायला कुठे जाऊ तेवढं सांगा. अप्पा बळवंत चौकात गेले होते, पण बहुतेक ठिकाणी पाठ्यपुस्तकं आणि गाइडंच समोर होती.

पुस्तकपेटी_सहकारनगर
बाजीराव रोडला अक्षरधारामध्ये जा. मराठी बालपुस्तकं हातात घेऊन चाळता येतात, मुलांना सोबत ने. अप्पा बळवंत चौकातच रसिक साहित्य आहे, तिथे ज्योत्स्नाची पुस्तकं नावाने माग, काढून देतात. विंदांचे संग्रह लक्ष्मी रोडच्या पुणे नगर वाचन मंदिरात किंवा नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालयात आधी विचार. सभासद झालीस तर आजीचीही सोय होईल. तारा आणि तुलिकाची पुस्तकं दुकानात क्वचित दिसतात, ती मागवावी लागतात. डिसेंबरमध्ये फर्ग्युसनवर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, नॅशनल बुक ट्रस्टच भरवतं, तेव्हा त्यांच्या स्टॉलवर बाल पुस्तकालयाचा आख्खा संच बघायला मिळेल. आमच्या सोसायटीबाहेरच्या मुलांनाही पुस्तकपेटी खुली असते. ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ आत्ता एका मुलाकडे गेलंय, परत आलं की तुला व्यक्तिगत निरोप पाठवते.

बाई_येरवडा
आजोबा, तुमच्यासाठी: स्टोरीवीव्हरवरचं पुस्तक उतरवून संगणकावर मोठं करून छापता येतं. पांढऱ्या अक्षरांचं पान असेल तर तेवढा मजकूर वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून पानाला डकवा. माझ्या वर्गात मागच्या बाकांसाठी मी हेच करते. नातीलाच लिहायला सांगा, पहिलीतल्या मुलांना असं कामाचं लिहिणं फार आवडतं.